तालीममास्तर, कारभारी आणि प्रेक्षकांचा विश्वास

खेळाचा सामना संपला कीं त्याच्या निकालावर बोलणारे शेंकडों असतात; परंतु तो निकाल ज्यांच्या हातून घडला असें आपण समजतों, त्यांच्यावर आपला विश्वास कां होता आणि आतां तो कां उडाला, याचा विचार करणारे फारच थोडे. फुटबॉलचा एखादा संघ लागोपाठ तीन सामने हरला म्हणजे त्याचा प्रशिक्षक नालायक ठरतो. पुढचे तीन जिंकला म्हणजे तोच प्रशिक्षक दूरदर्शी ठरतो. त्या सहा सामन्यांच्या अवधींत त्या गृहस्थाच्या ज्ञानांत अथवा स्वभावांत कांहींच फरक पडलेला नसतो. फरक पडलेला असतो तो आपल्या मतांत. ग्रंथाच्या खपावरून त्याची योग्यता ठरविणाऱ्या टीकाकारास आपण हंसतों. मग मैदानावर तीच गोष्ट आपण बिनदिक्कत कां करतों? हा प्रश्न वरवर खेळाचा दिसत असला तरी तो वस्तुतः रसिकतेचा आहे, आणि म्हणूनच वाङ्मयाच्या मासिकांत त्याची चर्चा अस्थानीं वाटूं नये.

प्रथम या विश्वासाचे विषय कोण, हें नीट पाहिलें पाहिजे. हल्लींच्या फुटबॉल संघाचा भार दोन माणसांच्या खांद्यांवर असतो. पहिला मुख्य प्रशिक्षक. रोजचा सराव घेणें, कोणास खेळवावें व कोणास बसवावें हें ठरविणें, संघाला खेळण्याची एक पद्धति लावून देणें आणि मध्यंतरानंतर तींत बदल करणें, हीं त्याचीं कामें. तो सामन्याच्या वेळीं सीमारेषेशीं उभा असतो. त्याचा आनंद आणि संताप दोन्ही सर्वांना दिसतात. दुसरा तो कारभारी. अमेरिकेंत त्याला जनरल मॅनेजर म्हणतात, युरोपांतील क्लबांत स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणतात, आणि आपल्याकडे तो कधीं फुटबॉल संचालक तर कधीं मुख्य कार्यकारी अधिकारी या नांवानें वावरतो. नांव कोणतेंहि असो, कोणता खेळाडू आणावा, कोणाला सोडावें, करार किती वर्षांचा करावा, पैसा कोठें खर्चावा, आणि मुख्य म्हणजे प्रशिक्षक कोण असावा, हें तो ठरवितो. तो बहुधा कोणाला दिसत नाहीं. जय झाला तर त्याचें नांव निघत नाहीं. पराजय झाला तर प्रशिक्षकाच्या पाठीमागें त्याला आडोसा मिळतो.

या दोन कामांचा भेद आपल्या वाचकांना समजण्यास फार दूर जावयास नको. मराठी नाटक मंडळ्यांत तालीममास्तर आणि व्यवस्थापक या दोन असामी जुन्या काळापासून होत्या. गोविंद बल्लाळ देवल यांचें नाटककार म्हणून जेवढें नांव आहे, तेवढेंच तालीम देण्यांतील त्यांच्या हातोटीविषयीं जुन्या नटांनीं सांगून ठेवलें आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीचा कारभार शंकरराव मुजुमदार पाहत. पुढें मतभेद वाढले, आणि १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे हे तिघे बाहेर पडले व त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. प्रेक्षकांचा विश्वास साहजिकच बालगंधर्वांच्या मागोमाग गेला. ज्या व्यवस्थापकाच्या कारकीर्दींत एवढें रत्न हातचें गेलें त्याला लोकांनीं काय म्हटलें असेल याची कल्पना करतां येते. परंतु गोष्ट येथेंच संपत नाहीं. त्याच किर्लोस्कर मंडळींत थोड्या काळानें मंगेशीचा एक कोवळा मुलगा आला, आणि दीनानाथ मंगेशकर हें नांव महाराष्ट्राला माहीत झालें. उलट गंधर्व मंडळीकडे गुणांची कमतरता कधींच नव्हती. पण भरजरी पडदे, खरे शालू आणि अत्तरांचे फवारे यांचा हिशेब ठेवणारा हात तेथें सैल होता, आणि ती कर्जाच्या ओझ्याखालीं वांकली. पेटींत बसलेल्या रसिकाला गाणें ऐकूं येतें, हिशेबाची वही दिसत नाहीं. आणि तरीहि उद्यां गाणें होणार कीं नाहीं, हें पुष्कळ वेळां त्या वहीवर अवलंबून असतें.

हा दाखला मनाशीं ठेवून आतां फुटबॉलकडे वळूं. आपल्या डोळ्यांदेखत घडलेलीं दोन उदाहरणें मुंबई आणि गोवा यांनीं पुरविलेलीं आहेत, आणि मौज अशी कीं त्यांपासून निघणारे बोध परस्परविरुद्ध आहेत.

पहिलें उदाहरण मुंबई एफसीचें. २००७ सालीं स्थापन झालेला हा क्लब आय-लीगमध्यें खेळे. त्याच्यापाशीं फारसा पैसा नव्हता, नामांकित परदेशी खेळाडू नव्हते, आणि विजेतेपदाची आशा कोणी बाळगीत नसे. २००९ पासून २०१६ पर्यंत त्याचे प्रशिक्षक खालिद जमील होते. या सात वर्षांत संघानें ढाल अथवा चषक घरीं आणला नाहीं. पण तो खालच्या वर्गांत कधीं घसरलाहि नाहीं. बचाव घट्ट ठेवावयाचा, एका गोलवर सामना राखावयाचा, आणि हंगामाच्या अखेरीस कसेंबसें तरून जावयाचें, असा त्याचा शिरस्ता होता. हा खेळ रुक्ष आहे, अशी तक्रार होई. आणि ती खोटी नव्हती. २०१६ सालीं क्लब आणि प्रशिक्षक यांची ताटातूट झाली. पुढच्याच हंगामांत मुंबई एफसी दहा संघांत दहावा आला, खालच्या वर्गांत गेला, आणि मग त्याचा संसारच आटोपला. त्याच हंगामांत जमील मिझोरामच्या आयझॉल एफसीचे प्रशिक्षक होते. तो संघ आदल्या वर्षीं खालच्या वर्गांत ढकलला गेला होता व केवळ नियामक मंडळाच्या निर्णयानें परत घेतला गेला होता. ३० एप्रिल २०१७ रोजीं शिलाँगच्या लाजाँग संघाशीं बरोबरी साधून त्या आयझॉलनें आय-लीगचें विजेतेपद मिळविलें. ईशान्य भारतांतील क्लबाला हा मान प्रथमच मिळत होता; आणि त्या संघांत जयेश राणे, आशुतोष मेहता असे मुंबईंत जमील यांच्या हाताखालीं खेळलेले खेळाडू होते.

या गोष्टीपासून कोणीहि बोध घेईल तो असा कीं, प्रशिक्षकास जपावें. जो त्यास सोडतो तो पस्तावतो. पण दुसरें उदाहरण ऐका.

एफसी गोवा या संघाचे प्रशिक्षक म्हणून २०१७ सालीं स्पेनचे सर्जिओ लोबेरा आले. त्यांनीं गोव्याच्या प्रेक्षकांना जो खेळ दाखविला तो गोमंतकीयांच्या मनांतलाच खेळ होता असें म्हणावयास हरकत नाहीं. लहान लहान पासांनीं चेंडू आपल्यापाशीं ठेवावयाचा, दोन गोल झाले तरी तिसऱ्याच्या मागें जावयाचें, आणि दोन खाल्ले तरी घाबरावयाचें नाहीं. २०१९ च्या मार्चमध्यें हा संघ इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यांत बंगळुरूकडून जादा वेळेंतील एका गोलनें हरला. पुढच्याच महिन्यांत भुवनेश्वर येथें त्यानें सुपर कप जिंकला. २०२० च्या जानेवारीच्या अखेरीस संघ गुणतक्त्यांत आघाडीवर होता आणि साखळीचे फक्त तीन सामने उरले होते. अशा वेळीं क्लबाच्या कारभाऱ्यांनीं लोबेरा यांना दूर केलें.

चाहत्यांना हा वज्राघात वाटला, तर त्यांत नवल काय? पण पुढें काय झालें? क्लिफर्ड मिरांडा आणि डेरिक परेरा या दोघां गोमंतकीयांनीं सूत्रें हातीं घेतलीं. उरलेले तिन्ही सामने संघानें जिंकले आणि त्यांत चौदा गोल केले. १९ फेब्रुवारी २०२० रोजीं जमशेदपूरवर पांच शून्यानें मात करून गोव्यानें साखळीची ढाल मिळविली, आणि आशियाई चँपियन्स लीगच्या गटसाखळींत प्रवेश मिळविणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान संपादन केला. कारभाऱ्यांचा निर्णय बरोबर ठरला असें कोणी म्हटलें तर त्याच्यापाशीं पुरावा होता.

परंतु वर्ष पालटलें. लोबेरा मुंबई सिटी या संघाचे प्रशिक्षक झाले; त्यांच्या मागोमाग अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बूमू आणि गोव्याचाच मंदार राव देसाई हे खेळाडूहि मुंबईकडे गेले. महामारीमुळें तो सबंध हंगाम प्रेक्षकांवांचून गोव्यांतच खेळला गेला. उपांत्य फेरींत गोवा आणि मुंबई यांची गांठ पडली. दोन्ही सामने बरोबरींत सुटले, आणि पेनल्टींवर मुंबई जिंकली. १३ मार्च २०२१ रोजीं मडगांवच्या फातोर्डा मैदानावर, म्हणजे लोबेरांच्या जुन्या घरांतच, मुंबईनें मोहन बागानवर दोन विरुद्ध एक असा विजय मिळवून ढालीबरोबर चषकहि घेतला. आतां पुरावा कोणाच्या बाजूचा? फेब्रुवारी २०२० मध्यें कारभारी शहाणे ठरले होते; मार्च २०२१ मध्यें तेच अविचारी ठरले. निर्णय एकच, त्यावर वेळेनें दिलेले निकाल मात्र दोन.

तात्पर्य, निकालावर उभारलेला विश्वास हा विश्वासच नव्हे. तो निकालाचा प्रतिध्वनि आहे. खरा विश्वास निकाल लागण्यापूर्वींचा असतो. आपण वैद्याच्या हातीं नाडी देतों ती ज्वर उतरल्यावर नव्हे. म्हणून प्रेक्षकाला आपल्या विश्वासाचें समर्थन करावयाचें असेल तर त्याला निकालाखेरीज दुसरें कांहीं दाखवितां आलें पाहिजे.

यावर एक ठराविक उत्तर ऐकूं येतें: धीर धरा. त्यासाठीं इंग्लंडांतील मँचेस्टर युनायटेडचे अलेक्स फर्ग्युसन यांचें नांव घेतलें जातें. १९८६ च्या नोव्हेंबरांत ते आले. १९८९ च्या अखेरीस त्यांना घालवा असे फलक प्रेक्षकांत झळकले. १९९० सालीं त्यांनीं पहिला चषक मिळविला, आणि २०१३ सालीं निवृत्त होईपर्यंत लीगचीं तेरा विजेतेपदें क्लबाला मिळवून दिलीं. कथा खरी आहे आणि मोठी आहे. परंतु धीर धरूनहि ज्यांच्या पदरीं कांहींच पडलें नाहीं अशा क्लबांच्या कथा कोणी सांगत नाहीं, म्हणून ती एकटीच आपल्या कानांवर पडते. आपल्याच राष्ट्रीय संघाकडे पहा. क्रोएशियाचे इगोर स्टिमॅक २०१९ सालीं प्रशिक्षक झाले. २०२३ च्या ऑक्टोबरांत महासंघानें त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढविला. २०२४ च्या मार्चमध्यें गुवाहाटी येथें अफगाणिस्ताननें भारताला हरविलें आणि चाहत्यांचा संताप उफाळला. जूनमध्यें कतारकडून हार झाली आणि त्याच महिन्यांत त्यांना काढून टाकण्यांत आलें. आठ महिन्यांपूर्वीं ज्याच्यावर दोनअडीच वर्षांचा विश्वास टाकला, त्याला घालविण्यासाठीं पुढें भरपाईहि मोजावी लागली. येथें प्रेक्षकांचा राग प्रशिक्षकावर होता. पण मूळ प्रश्न करार वाढविणाऱ्यांना विचारावयाचा होता: ऑक्टोबरांत तुम्हांला जें दिसलें होतें तें जूनमध्यें कां दिसेनासें झालें? हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाहीं, कारण कारभारी सीमारेषेशीं उभा नसतो.

प्रशिक्षक व कारभारी यांच्या गुणांची वांटणी किती खोल असते, याचें विलायतेंतील सर्वांत बोलकें उदाहरण ब्रायन क्लफ आणि पीटर टेलर या जोडीचें आहे. खेळाडूंतून खेळ काढून घेण्याची विद्या क्लफपाशीं होती. खेळाडू पारखून आणण्याची दृष्टि टेलरपाशीं होती. दोघांनीं मिळून डर्बी काउंटीला १९७२ सालीं आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७८ सालीं लीगचें विजेतेपद मिळवून दिलें; फॉरेस्टनें पुढें लागोपाठ दोन वर्षें युरोपियन कपहि जिंकला. मध्यंतरीं १९७४ सालीं क्लफ एकटेच लीड्स युनायटेडमध्यें गेले, आणि चव्वेचाळीस दिवसांत परत आले. माणूस तोच, विद्या तीच. फक्त दुसरा डोळा बरोबर नव्हता.

हा लेख मी नंदुरबार जिल्ह्यांतील मोलगी येथून लिहीत आहें, हें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, दुरून पाहणाऱ्या प्रेक्षकाची अडचण येथें अधिक स्पष्ट कळते. सातपुड्यांतील या गांवापासून कूपरेजचें मैदान दूर आणि फातोर्डा त्याहूनहि दूर. येथील तरुण हातांतल्या मोबाइलवर सामन्याचा निकाल वाचतो. फार तर दहा मिनिटांचे तुकडे पाहतो. सराव, दुखापती, पगार, खेळाडूंच्या खोलींतील कुरबुरी यांतलें कांहीं त्याला दिसत नाहीं. पण हा फरक अंशाचाच नव्हे काय? मडगांवांत तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला तरी त्यांतलें किती दिसतें? कारभाऱ्याच्या बाबतींत आपण सारेच मोलगीचे रहिवासी आहों.

आणि याच परिसरांत एक गोष्ट अशी आहे कीं जिच्यावरून या दोन कामांचा भेद चटकन ध्यानांत यावा. मोलगीजवळच्या काठी येथील राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. तिच्यासाठीं उंच, सरळ बांबू रानांतून आणतात, खड्डा खणून तो उभा करतात, रात्रभर ढोलांवर नाच चालतो, आणि पहांटे होळी पेटते. दूरदूरहून आलेला पाहुणा तो उभा बांबू आणि त्याच्या ज्वाला पाहून परत जातो. तो उभा करणाऱ्यांचें कौशल्य त्याला दिसतें, आणि तें मोठें आहेच. पण रानांत शेंकडों बांबू असतां हाच निवडणारी जी नजर होती, तिची आठवण कोणाला होते? बांबू आंतून किडका निघाला तर उभा करणाऱ्यांनीं कितीहि शर्थ केली तरी व्यर्थ. आणि बांबू उत्तम असून उभारतांना कलला, तर निवडणाऱ्याला बोल लावणें अन्याय्य.

प्रेक्षकाचा विश्वासहि याच रीतीनें दुभंगला पाहिजे. प्रशिक्षकाला विचारावयाचें तें एवढेंच: तुला जे खेळाडू दिले त्यांचें तूं काय केलेंस? आल्या दिवशीं जो बचावपटू भांबावलेला होता तो वर्षानंतर शहाणा झाला कीं नाहीं? संघ हरला तरी त्याच्या खेळांत कांहीं हेतु दिसतो कीं नाहीं? लोबेरांच्या गोव्याचा खेळ डोळे बांधून ओळखतां आला असता. जमील यांच्या मुंबईचाहि. एक मोकळा, दुसरा आंवळलेला. एकाला गुणी खेळाडू मिळाले, दुसऱ्याला ओढाताणीचा संसार. तरीहि दोघांच्या खेळाला हस्ताक्षर होतें, आणि हस्ताक्षर असणें हाच तालीममास्तराचा पहिला गुण. यशापयश नंतर.

कारभाऱ्याची परीक्षा वेगळी आणि अधिक लांब मुदतीची. त्याला विचारावयाचें तें असें: प्रशिक्षक गेल्यावर क्लबांत काय उरतें? या कसोटीवर गोव्याच्या कारभाऱ्यांकडे पाहिलें तर त्यांच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें बरेंच आहे. लोबेरा गेल्या दिवशीं मिरांडा आणि परेरा घरांत होते. संघाला पद्धति शिकविण्याची गरज पडली नाहीं. चौदा गोल हे केवळ नव्या प्रशिक्षकांचे नव्हेत, आणि केवळ जुन्याचेहि नव्हेत. उलट, एका प्रशिक्षकाबरोबर संघाचा कणाच उठून दुसऱ्या शहरीं गेला, याचाहि जाब त्यांनाच दिला पाहिजे. पुढें हुआन फेरांडो हे स्पॅनिश प्रशिक्षक आले आणि २०२१ च्या डिसेंबरांत हंगाम अर्ध्यावर टाकून मोहन बागानकडे गेले. त्या वर्षीं गोवा नववा आला. मग मानोलो मार्केझ आले, आणि २०२५ च्या मेमध्यें पुन्हां सुपर कप घरीं आला. हा सर्व चढउतार एकत्र ठेवला म्हणजे कारभाऱ्याचें चित्र उमटतें. एका जानेवारींतल्या एका सायंकाळच्या बातमीवरून नव्हे. मुंबई एफसीच्या कारभाऱ्यांना मात्र ही कसोटी कठोर आहे. त्यांचा प्रशिक्षक गेला आणि मागें कांहींच उरलें नाहीं.

येथपर्यंतचा विवेक कोणी मान्य केला तरी तो म्हणेल, एवढी सूक्ष्म चिकित्सा करून प्रेक्षकाला काय मिळावयाचें? त्याच्या हातीं काय आहे? याचें उत्तर मात्र गंभीर आहे. आपल्या देशांत क्लब मरतात. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनें २००५-०६ चें राष्ट्रीय लीगचें विजेतेपद डेरिक परेरा यांच्याच हाताखालीं जिंकलें. प्रशिक्षकावर पूर्ण विश्वास, संघ बलाढ्य, आणि २०१० सालीं मालकांनीं संघच मोडला. २०१६ सालीं धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन मातबर क्लबांनीं आय-लीगमधून अंग काढून घेतलें. २०२५ च्या जुलैमध्यें, महासंघ आणि लीगचे चालक यांच्यामधील कराराचा तिढा न सुटल्यामुळें, इंडियन सुपर लीगचा येणारा हंगामच बेमुदत लांबणीवर टाकण्यांत आला. आणि त्या वर्षाच्या अखेरीस मुंबई सिटीचे इंग्लंडांतील मोठे भागीदार आपला वांटा सोडून निघून गेले. प्रत्येक वेळीं प्रेक्षक आदल्या रविवारच्या सामन्याबद्दल प्रशिक्षकाला शिव्या देण्यांत गढलेला होता. घर कोणाच्या नांवावर आहे याची चौकशी न करतां तो भिंतींच्या रंगाविषयीं भांडत होता.

म्हणून प्रेक्षकाचा विश्वास ही क्षुल्लक वस्तु नव्हे. क्लबापाशीं मैदान भाड्याचें असतें, खेळाडू कराराचे असतात, प्रशिक्षक वर्षादोनवर्षांचा असतो, मालक लाभ दिसेल तोंवरचा असतो. कायमचा असा एक प्रेक्षकच. तो कोणास विकतां येत नाहीं आणि कोठून विकत आणतांहि येत नाहीं. परंतु जो प्रेक्षक दर आठवड्यास एकाला डोक्यावर घेतो आणि दुसऱ्याला पायदळीं तुडवितो, त्याच्या विश्वासाची किंमत कारभारी शून्य धरून चालतात. आणि तसें करण्यांत त्यांची चूक आहे असें म्हणवत नाहीं. जो प्रेक्षक हरलेल्या दिवशींहि प्रशिक्षकाचा हेतु ओळखतो आणि जिंकलेल्या दिवशींहि कारभाऱ्याला पुढच्या तीन वर्षांचा प्रश्न विचारतो, त्याला डावलणें मात्र कोणाहि मालकाला सोपें नाहीं.

अशा विश्वासाची परीक्षा घेणारा एक प्रसंग अगदीं अलीकडचा आहे. १ ऑगस्ट २०२५ रोजीं खालिद जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. तेरा वर्षांनंतर या जागेवर भारतीय माणूस आला होता. सप्टेंबरांत मध्य आशियांतील स्पर्धेंत संघानें ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरें स्थान मिळविलें, आणि स्तुतीला पूर आला. १४ ऑक्टोबर रोजीं त्याच फातोर्डा मैदानावर सिंगापूरनें भारताला दोन विरुद्ध एक असें हरविलें; आशिया कपचें दार बंद झालें, आणि स्तुति करणाऱ्यांपैकीं अनेकांचे सूर बदलले. अडीच महिन्यांत या गृहस्थांवर जेवढा विश्वास बसला तो त्यांनीं कमावलेला नव्हता, आणि जेवढा उडाला तोहि त्यांनीं गमावलेला नव्हता. मुंबई एफसींत सात वर्षें त्यांनीं अपुऱ्या साधनांनिशीं काय उभें केलें, हें ज्यांनीं पाहिलें होतें त्यांना त्यांच्याविषयीं मत बनविण्यास सप्टेंबरची गरज नव्हती आणि ऑक्टोबरचा धक्काहि पुरेसा नव्हता. त्यांच्यापुढें खरा प्रश्न निराळाच होता: या प्रशिक्षकाला कोणते खेळाडू, किती दिवसांचा सराव आणि कोणतें वेळापत्रक हातीं देण्यांत आलें होतें, आणि ज्या देशाची लीगच त्या महिन्यांत बंद होती तेथें हें सर्व ठरविणारे कोण? तो प्रश्न आजहि विचारण्यासारखा आहे, आणि तो प्रशिक्षकाला विचारून भागणार नाहीं.